गेटवरच्या मामांची चार रजिस्टरं

साखर कारखान्यात नोकरी करून सख्ख्या बहिणीचा साखरपुडा चुकवणारा आमच्या घराण्यात मी एकटाच. हे मला अजूनही पंगतीत ऐकवलं जातं.

घनसावंगीकडच्या त्या कारखान्यात मी संगणक सांभाळायचो. उसाच्या वजनाच्या पावत्या युनिक्स सर्व्हरवरून निघायच्या. हा सर्व्हर स्वतः काय काय केलं ते सगळं एका फाइलीत लिहीत बसायचा. लॉग म्हणतात तिला. आठवड्याभरात ती इतकी फुगायची की डिस्क भरून पावत्या बंद आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. मग मी ऐटीत जाऊन ती रिकामी करायचो. सगळी इज्जत त्या एका कामावर होती, म्हणून ते कुणाला शिकवलंही नव्हतं. साखरपुड्याच्या दिवशी नेमकी तीच डिस्क भरली.

आता केदारखेड्याला तिचं लग्न होतं. दहा दिवसांची रजा मागितली, तर मॅनेजर म्हणाले, "मशीन तुमच्यावाचून चालत असेल तर खुशाल जा."

मी प्रोग्रॅम लिहिला. रोज रात्री चालू फाइलीचं नाव बदलून ती जुन्यांत सरकवायची, जागी कोरी ठेवायची, चारांपेक्षा जास्त झाल्या की सगळ्यात जुनी पुसायची. करून बघितलं. कोरी फाइल कोरीच! नाव बदललेली जुनीच फुगत चाललेली. दोन दिवस मी कपाळाला हात लावून बसलो.

गेटची रजिस्टरं सांभाळणारे मामा चहा घेऊन आले. "काय सायब, लग्नाला जाऊन राह्यले ना?"

"कसला जातो, मामा! नवी वही ठेवली तरी हा जुन्यातच लिहितोय."

"मंग, त्याच्या हातातली जुनी काढून घेतली का?"

"म्हणजे?"

"माझ्या फळीवर चार जुनी रजिस्टरं असतात. पाचवं आलं की सगळ्यात जुनं बाद. पण नवं नुसतं टेबलावर ठुलं तर आपला पहारेकरी बघत बी न्हाई, समोर उघडं हाय त्यातच लिहितो. मी जुनं मिटवतो, नवं उघडून हातात देतो अन् म्हणतो, आता हितं."

माझ्या प्रोग्रॅमात हीच एक ओळ नव्हती. लिहिणाऱ्याला सांगायचंच राहिलं होतं की जुनी मिट, नवी उघड. ती घातली आणि कोरी फाइल भरू लागली. पुस्तकं माझ्याकडे जाडजूड होती. अक्कल मामांकडे निघाली.

तरी आठवडा उलटल्यावर मांडवातून उठून मी एसटीडी बूथ गाठलाच. फोन मामांनी घेतला.

"पावत्या बराबर निघून राह्यल्या. बिलकुल फिकीर करू नका. जेवले का?"

त्यानंतर मी स्टेजवरून हललोच नाही. अल्बममध्ये प्रत्येक फोटोत मी आहे. एकात बहिणीचं तोंड उघडं दिसतं. तेव्हा ती म्हणत होती, "दादा, सरक की जरा, नवरदेव झाकला ना!"