वाजणारं कपाट

ज्याचं वाजवणं सगळ्यात कमी लोकांनी ऐकलंय असा वादक साऱ्या सातारा जिल्ह्यात कोण, असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. साडू उंब्रजचे. फौजेच्या बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, शिकले आणि पेन्शन घेऊन गावी आले ते ट्रंकेबरोबर गिटारही घेऊन. आता सकाळी ऊस, संध्याकाळी सराव आणि लग्नसराईत, जत्रेत कराडच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर कार्यक्रम. स्टेजवर ते अजून सावधानमध्ये उभे राहून वाजवतात. फक्त बोटं हलतात. पुढे गायिका नाचत असते, शिट्ट्या पडत असतात आणि मागे साडू कुणीतरी झेंडा फडकवणार असल्यासारखे ताठ. गायक-बियक त्यांच्या खिजगणतीत नाहीत. लग्नात बँड वाजत गेला की सगळं वऱ्हाड नाचतं आणि साडू माझं मनगट धरून म्हणतात, "वरचं सोड. खालचं ऐक." मी आजवर कितीतरी वराती खालच्या अंगानं ऐकल्या आहेत आणि खरं सांगायचं तर मला काही कळलेलं नाही.

घरात त्यांना स्पीकर नव्हता. नुसती बेस गिटार म्हणजे बाजूच्या माणसालाही ऐकू न येणारी वस्तू. पण फौजेत कुणीतरी त्यांना एक युक्ती शिकवली होती. स्वयंपाकघराला लागून त्यांचं सागवानी कपाट आहे, त्याच्या फळीला गिटारचं डोकं टेकवायचं आणि वाजवायचं. मग सगळं कपाट घुमतं. आतली भांडीही बोलतात. एका सुराला पितळी डबा थरथरतो, एका सुराला ताटं. आमची अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, रोज संध्याकाळी त्याच कपाटाला पाठ टेकून तांदूळ निवडायची. मी एकदा विचारलं, "अक्का, या आवाजाचा त्रास नाही होत?" ती म्हणाली, "पाठ शेकल्यागत वाटतंय. आन् डबा वाजला की कळतंय, ह्यांचं गाणं संपत आलं."

गेल्या वर्षी पार्टीच्या मालकानं मात्र विषय काढला. साडूंची गिटार सगळ्यांच्या सामाईक स्पीकरमधून जायची आणि कीबोर्डच्या गोंगाटात पार बुडून जायची. मालक म्हणाला, "आवं काका, राग मानू नका, पन तुमचा आवाज कुठं येतोय? बेस तर कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवतोय. सोताचा स्पीकर आणा, न्हाईतर ह्या जत्रांपासून ऱ्हाऊ द्या." त्या दिवशी साडू जेवले नाहीत, हे अक्कानं मला फोनवर सांगितलं.

मग शोध सुरू झाला. बजेट अक्कानं आखून दिलेलं, म्हणजे त्यात घासाघीस नाही. पण साडूंची तत्त्वं पक्की होती. अ‍ॅम्प्लिफायरचं मशीन आणि स्पीकरचा खोका वेगवेगळे घ्यायचे. "मशीन बारकं चालंल, पुढं बदलता येतंय. खोका चांगला पायजे. खोका म्हंजी अंग." माधवनगरला डीजेचे खोके बनवणारा एक सुतार होता, त्याच्याकडे आम्ही आधी गेलो. त्याचा खोका असा दणाणला की माझ्या शर्टाची बटणं हलली. साडू शांतपणे म्हणाले, "ह्यो ढेकर देतोय. बोलत न्हाई." मग सांगलीतली दुकानं. प्रत्येक ठिकाणी ते गिटार लावायचे, तोच एक तुकडा वाजवायचे, मान तिरकी करून थांबायचे आणि नकारार्थी हलवायचे. एका दुकानदारानं वैतागून विचारलं, "काका, नक्की काय ऐकू यायला पाहिजे?" साडू गिटारची वायर काढत म्हणाले, "डबा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस इतकी वर्षं सागवानी कपाट ऐकत आला होता आणि आता सांगलीच्या बाजारात तो तेच कपाट शोधत होता! मी हसलो खरा, पण ते हसणं टिकलं नाही. कारण असा खोका जगात कुणी बनवत नाही आणि जत्रांचा हंगाम तर तोंडावर आला होता.

पुढच्या खेपेला अक्काही आली, साड्या बघायच्या म्हणून. स्पीकरच्या दुकानात उभी राहून तिचे पाय दुखले, तेव्हा कोपऱ्यातल्या एका जुन्या, कापड विटलेल्या खोक्याला ती सवयीनं पाठ टेकून बसली. साडूंनी दुकानदाराला तोच जोडायला सांगितला आणि वाजवायला लागले. अक्कानं डोळे मिटले. तुकडा संपल्यावर म्हणाली, "आवं, ह्योच घ्या. ह्यात तुमी हायसा."

जुना म्हणून तो बजेटात बसला आणि उरलेल्यात एक लहानसं मशीन आलं. फलटणकडच्या जत्रेत मालक दोन गाणी स्टेजसमोर कान देऊन उभा राहिला आणि मग न बोलता जेवायला निघून गेला. म्हणजे साडू पार्टीत राहिले. टाळ्या नेहमीप्रमाणे गायिकेलाच पडल्या.

परवा मी उंब्रजला गेलो होतो. खोका आता पार्टीच्या टेम्पोतच असतो, पण मशीन घरी असतं आणि त्याला हेडफोन जोडता येतो. साडू खिडकीशी ताठ उभे राहून सराव करत होते, कानांवर हेडफोन. घरात चिडीचूप. अक्का कपाटाला टेकून तांदूळ निवडत होती. थोड्या वेळानं तिनं ताट खाली ठेवलं आणि हातवारे करून त्यांचं लक्ष वेधलं.

"आवं, हल्ली वाजवत न्हाई व्हय?"

साडूंनी एक कान मोकळा केला. "वाजवतोय की."

"मग तुमचा आवाज कुठं येतोय?"

मालकानं हेच विचारलं होतं. साडूंनी हेडफोन काढला, नीट गुंडाळून खिडकीत ठेवला आणि येऊन गिटारचं डोकं फळीला टेकवलं. कपाट घुमायला लागलं. अक्कानं पाठ जरा आणखी मागे रेटली. मीही मुकाट्यानं सरकून कपाटाच्या दुसऱ्या कडेला पाठ टेकवली आणि डबा वाजायची वाट बघत बसलो.