एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

गेल्या महिन्यात बाबा शेजारच्या विंगमध्ये शिरले आणि आमच्याच मजल्यावर आलोय असं समजून कुणाच्या तरी दाराची बेल वाजवत राहिले. तिथल्या बाई त्यांना घरी घेऊन आल्या. "अंकल गलत विंग में आ गए थे," त्या हसत म्हणाल्या. बाबाही हसले. सिल्व्हर पार्कातल्या इमारती सगळ्या सारख्याच, कुणीही चुकेल, असं मी दिवसभर स्वतःला बजावत होते. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाला मी त्यांना त्यांच्याच लाडक्या आकड्याबद्दल विचारू लागले. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. लहानपणी मला त्यांनीच तो शिकवला होता. दोनापासून सहापर्यंत कशानेही गुणा, उत्तरात तेच सहा अंक येतात, फक्त सुरुवात बदलते. भोंडल्याचा फेर पुढे सरकतो पण कुणाचा शेजार बदलत नाही, तसं. सातने गुणलं की फेर मोडतो आणि सगळे नऊ उरतात.

परवा मी विचारलं, "तिनाने?"

"चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एकाहत्तर," बशीत चहा ओतत ते म्हणाले. मी ऐकता ऐकता मोबाइलवर टिपलं आणि कॅल्क्युलेटरशी ताडून पाहिलं. शेवटचे दोन अंक जुळेनात.

"बाबा, चुकलं."

त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं? बघू." चष्मा लावून त्यांनी मोबाइल जवळ धरला. "अगं, मी एकाहत्तर म्हटलं. तू सतरा लिहिलंयस."

ऑफिसात माझे आकडे जन्मभर इंग्रजीत. एकाहत्तर म्हटलं की आधी 'एक' कानावर पडतो आणि बोटही आधी एकावरच जातं. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"तू बरी आहेस ना गं?" त्यांनी खरंच काळजीने विचारलं. मग चार, पाच, सहा धडाधड म्हणून दाखवले, सातचे सगळे नऊही. आणि मला कधीच न शिकवलेलं आठाचंही सांगितलं. "अकरा लाख बेचाळीस हजार आठशे छप्पन्न. शेवटच्या सातातला एक फुटून पुढे जाऊन बसलाय बघ. तो उचलून मागच्या सहात घाल, की फेर पुन्हा पुरा."

आता डॉक्टरकडे जायला नकोच, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

बाबांनी बशी खाली ठेवली. "आकडे नको विचारत जाऊस," ते हळूच म्हणाले. "ते मी सरणावरही सांगेन. विंग विचार."

प्रश्न सोपा होता. एका अक्षराचं उत्तर.

मला विचारवेना.