सुरकुती नसलेला बूट

आमच्या गल्लीत सोफे-खुर्च्या मढवणारी एक बाई आहे. तिला सगळे इस्त्री म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर ताई. तिनं मढवलेल्या खुर्चीवर सुरकुती शोधणं म्हणजे टकल्याच्या डोक्यात कोंडा शोधणं. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की बसल्या जागी कापड चुरगळतंय, तर हिनं त्यालाच सुनावलं, "तुम्हाला नीट बसता येत नाही."

हिचा धाकटा भाऊ म्हणजे भिंगरी. हे नावही गल्लीनंच दिलेलं. जेवताना तीनदा उठणार. केस कापताना न्हाव्यानं त्याच्या कानाला दोनदा कात्री लावली, आणि दोन्ही वेळा दुकानातली माणसं न्हाव्याच्या बाजूनं बोलली. मोटारींच्या गॅरेजात कामाला आहे. हात सोन्याचे, पण बुडाला चाकं.

चार महिन्यांपूर्वी ताई एका घरी स्टुलावर चढून पडद्याची पट्टी ठोकत होती. भिंगरीला बजावलं होतं, "स्टूल धर. हलू नकोस." धरलंही त्यानं. मग रस्त्यावरून सायलेन्सर फुटलेली एक गाडी गेली, आणि "आलोच" म्हणत साहेब खिडकीपाशी. स्टूल एकीकडे, ताई दुसरीकडे. डाव्या खांद्याचं मोडलेलं हाड जुळलं, मुठीतला जोरही परतला, पण गिअरकडचा हात पुढे जाईना. तिच्या जुन्या गाडीचा गिअरचा दांडा उसासारखा लांब. पहिला नि तिसरा टाकायचा तर हात पार पुढे न्यावा लागे.

गाडी चालवता येत नाही म्हणजे घरोघरी जाऊन मापं घेणं बंद, आणि तेच तर तिचं निम्मं काम. भिंगरी नेतो म्हणायचा, पण त्याचे दहा म्हणजे इतरांचे बारा. शेवटी ती वैतागली. कोपऱ्यावरचा चष्मेवाला दोन वर्षं गाडीवर नजर ठेवून होता. त्याला तिनं सांगून टाकलं, "शनिवारी पाचला या आणि घेऊन जा एकदाची."

शनिवारी सकाळी भिंगरी खोकं घेऊन हजर. मी तिच्या दुकानात स्टुलावर होतोच. फुकटची करमणूक मी सोडत नाही.

"हे काय?" ताईनं विचारलं.

"नवा दांडा. बुटका, आणि तुझ्याकडे वाकलेला. हात निम्माच हलवायचा."

"गाडी विकली मी."

"पाचला विकणार आहेस. आत्ता अकरा वाजलेत."

गाडीची किल्ली टेबलावरून त्याच्याकडे सरकली.

दांडा त्यानं झकास बसवला. चार बोल्ट काढले, जुनं धूड उपसलं, ग्रीस भरलं, नवा आत. त्या वेळात तो सातदा बाहेर येऊन घड्याळ पाहून गेला, आणि घड्याळ माझ्या मनगटावर असल्यामुळे मलाही स्वस्थता नाही. आता दांड्याभोवतीचा कातडी घेर राहिला. गॅरेजवाले त्याला बूट म्हणतात. जुना बूट फाटलेला, शिवाय वाकड्या दांड्याला बसेना. भिंगरीनं दांडा मधे, न्यूट्रलला ठेवला, भर्रकन कागदावर माप काढलं आणि ताईच्या हातात कोंबलं.

ताईनं ऑफिसच्या खुर्चीचं जाड कातडं काढलं, चार तुकडे बेतले, शिवले, खाली चौकटीवर ताणून ठोकले. बूट असा तंग की टिचकी मारली तर डफासारखा वाजावा. "सापडली सुरकुती?" तिनं मला विचारलं. मी चष्मा लावून पाहिलं. नव्हती.

तीन वाजता ती गाडीत बसली. मी मागच्या सीटवर. पहिला गिअर पडला, हात पोचला! आरशात तिच्या डोळ्यांत मी हसू पाहिलं. मग दुसरा टाकला, हात काढला, आणि टक्कन दांडा परत मधे. पुन्हा टाकला, पुन्हा टक्कन. तिसऱ्याचं तेच. रिव्हर्स तर पडेचना. मागून हॉर्न. कशीबशी गाडी दुकानापर्यंत आणून ती उतरली.

"माझ्याच हातात दम राहिला नाही," ती म्हणाली आणि गाडीतली कागदपत्रं गोळा करायला लागली.

भिंगरीचा चेहरा पडला. त्यानं बूट उपटून बाजूला फेकला, बोल्ट तपासले, सगळे गिअर टाकून पाहिले. लोण्यासारखे. बूट चढवला, टक्कन. बूट काढला, लोणी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सांगायची हिंमत त्याला होईना, म्हणून मीच म्हणालो, "ताई, हात ठणठणीत आहे तुझा. तंग कातडं दांड्याला मागे ओढतंय. बुटाला सुरकुत्या हव्यात."

शिवी दिल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"माप कोणी काढलं?"

"मी. दांडा मधे ठेवून," भिंगरी म्हणाला. "पण ताणून कोणी शिवलं?"

"मधेच का? दांडा काय एका जागी बसून राहतो? तू राहतोस?"

सव्वाचार वाजले होते. तिनं अस्तराचं मऊ, पातळ कातडं काढलं. दांडा सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, रिव्हर्सला टाकायला लावला. वरचं टोक दांड्याला धरून खालून टाचण्या लावायच्या, पण तिचा एक हात वर पोचेना. "तू धर," ती भावाला म्हणाली. आणि टाचण्यांची डबी उघडत, "हलू नकोस."

भिंगरीनं धरलं. नाकावर माशी बसली. कपाळाचा घाम डोळ्यात उतरला. तेवढ्यात रस्त्यावरून कोणाचीतरी खोकणारी, ठसकणारी मोटार गेली. त्याचे डोळे गेले, मान गेली, एक पायसुद्धा गेला. हात मात्र तिथेच. वीस मिनिटं. लग्नातसुद्धा तो इतका वेळ एका जागी नव्हता.

पाचला पाच कमी असताना बूट चढला. म्हाताऱ्या कासवाची मानच ती. ताईला बघवेना.

चष्मेवाला आला तो काचा पुसत. "बसा," ताई स्टिअरिंगवरून म्हणाली. नवीन मालकाला फेरी मारून दाखवतेय असं वाटून तो ऐटीत बसला. पहिला, दुसरा, वळण, तिसरा. दांडा जिथे टाकला तिथे. त्याच्याच दुकानासमोर तिनं रिव्हर्स टाकून गाडी नीट लावली आणि म्हणाली, "उतरा. विकायची नाही."

सोमवारपासून ती पुन्हा मापांना जाते, एकटी. गाडी कुठेही उभी केली की आधी त्या बुटावर एक रुमाल टाकते, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये म्हणून. परवा मी तो उचलून पाहिला. रुमालाला कडक इस्त्री होती.