वाटणीत न आलेला हार

सावेडीतल्या ज्या हॉस्पिटलात मी औषधाच्या काउंटरला असतो, तिथे रोज सकाळी एक हारवाला यायचा. डेअरी, पेट्रोलपंप, शाळा, हॉस्पिटल, सगळं एकाच घराण्याचं, आणि सगळीकडे वारलेल्या मोठ्या मालकांचा फोटो. हारवाला चपला काढायचा, खांद्यावरच्या पंच्यानं काच पुसायचा, कालचा हार उतरवून ताजा घालायचा. कुणाशी बोलायचा नाही.

यंदा मालकांच्या दोघा मुलांच्या वाटण्या झाल्या. हॉस्पिटल धाकट्याकडे आलं, बाकीचं बरंचसं थोरल्याकडे गेलं. भावाभावांचं बोलणं बंद झालं. हारवाल्याला ये म्हणायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही आणि फोटोवरचा हार वाळून गेला.

परवा तो आपणहून आला. मी विचारलं, "कुणी पाठवलं?"

काच पुसता पुसता तो म्हणाला, "कुनी न्हाई. समद्याची वाटनी झाली, म्हाताऱ्याला तेवढं कुनी मागून घेतलं न्हाई."

तो गेल्यावर धाकटे मालक आले. हार बघून थबकले. "दादानं पाठवला का?" त्यांनी हळूच विचारलं.

मला नाही म्हणवेना. मालकांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.