तानबाने न मोजलेले दात

कुठलंही दातेरी चाक तानबा फिटरकडे न्या, कापसाच्या जिनातलं असो की उसाच्या चरकाचं, तो आधी त्याचे दात मोजायचा. एका दातावर खडूची खूण करायची आणि तिथून फिरत पुन्हा खुणेपर्यंत यायचं. मग उलट्या बाजूने आणखी एकदा. गिऱ्हाईक वैतागायचं. तानबा ताठ झालेला डावा पाय हाताने उचलून बाजूला ठेवायचा आणि मोजत राहायचा. पायाचं कुणी विचारलं, तर सांगायची ती त्याची बायको, कोकिळाबाई.

गोष्ट छप्पन सालच्या दसऱ्याची. गिरडपासून चार मैलांवर त्यांचं गाव. कोकिळेचा भाऊ बाबाराव याने लिलावातून लढाईच्या वेळची एक जीप आणली होती. एक दांडा ओढला की तिची चारही चाकं जोर लावत. दसऱ्याच्या आधी आठ दिवस काळ्या मातीत रुतून तिचा मागचा अ‍ॅक्सल मोडला. लढाईत मिल्ट्रीच्या वर्कशॉपात काम शिकलेला तानबा हा घरचाच फिटर. बाबारावाने नागपूरच्या भंगारातून दुसऱ्या जीपचा अ‍ॅक्सल उचलून आणला. ती जीप अलीकडची, पण अ‍ॅक्सल दिसायला जुन्याचा सख्खा भाऊ.

अष्टमीच्या दुपारी कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून जीपचं बूड उचललं. नवमीच्या सकाळी शेवटचा नट आवळला. अ‍ॅक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, त्याचं झाकण उघडून आतल्या चाकाचे दात मोजायचे तेवढे राहिले. पुढच्या आणि मागच्या गोळ्यातले दात सारखेच हवेत, नाहीतर चाकांचा वेग जुळत नाही.

तेवढ्यात कोकिळा हळदकुंकवाचं ताट घेऊन आली.

"ठेवा आता पान्हे. खंडेनवमी हाय."

"एक झाकण खोलतो. घडीभर."

"बारा वाजून राह्यले. पूजा झाली की उद्या सोनं वाटेपर्यंत हत्याराले हात नाई, हे मी सांगू तुमाले?"

पान्हे, घण, जॅक, सगळं पाटावर मांडलं गेलं. जुन्या अ‍ॅक्सलमधलं चाकही तिने पुसून मधोमध ठेवलं, त्यावर झेंडू वाहिला. मग जीपखाली वाकून नव्या गोळ्याच्या झाकणावर कुंकवाची पाच बोटं उठवली. त्या झाकणाला आता कोण पान्हा लावणार?

दसऱ्याच्या सकाळी कोकिळेला गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात नवस फेडायला जायचं होतं. भाऊ नेणार होता. सोबत गल्लीतल्या चार बाया. चढाची सवय व्हावी म्हणून बाबारावाने अंगणातच चारही चाकांचा दांडा ओढून एक फेरी मारली. विहिरीजवळच्या फरशीवर जीप कण्हली, एकदम अडली, मग हिसका देऊन सुटली.

"जवाईबापू, लाजून राह्यली का हो तुमची नवरी?"

बाया हसल्या. तानबाही हसला. हसताना त्याची नजर मात्र फरशीवर होती.

धूळ खाली बसल्यावर तो फरशीपाशी गेला. पुढच्या चाकांनी दगडावर रबराचे काळे फराटे ओढले होते. पुढची चाकं घाई करत होती आणि मागची अडत होती. तो घरात आला आणि पाटावरचा झेंडू न हलवता जुन्या चाकाचे दात मोजले. एकोणचाळीस. नव्यात किती होते?

त्याने सायकल काढली आणि सुटला.

टेकडीचा चढ मुरमाड. सुट्या मुरमात चाकं घसरतात, घसरली की वेगातला फरक सांडून जातो. म्हणून जीप वर पोचली होती. पण वरच्या उघड्या खडकावर चाकांना घसरायला जागाच नव्हती. सगळा ताण आत कोंडला होता. तानबा धापा टाकत पोचला तेव्हा नवस फिटला होता. बाया जीपमध्ये बसल्या होत्या, आणि बाबाराव दांड्याशी झोंबत होता.

"निंघूनच नाई राह्यला, जवाईबापू! अंगात आलं काय इच्या?"

"चूक माही हाय. दात जुळत नाईत. पान्हा दे, मागच्या चाकाले फिरवणारा खालचा दांडा सोडवतो."

बाबारावाने दांडा सोडून मागे पाहिलं. "पान्हा? पान्हे त तुमी पूजेत ठेवले."

तानबाने आपल्या हातांकडे पाहिलं. चार मैल जीव तोडून आला होता, रिकाम्या हातांनी. पाटाशी बसून त्याने दात मोजले, आणि शेजारचा पान्हा त्याला दिसलाही नव्हता.

मागे उतरायला निघालेल्या बैलबंड्या खोळंबल्या होत्या. लोक ओरडत होते. जीपने वाट अडवली होती.

"उतरा सगळ्या," तानबा म्हणाला. "तूही उतर, बाबाराव. मुरमापर्यंत नेतो हिले, तिथं ताण सुटंल."

"अवो, ढकलून बाजूले लावा ना," कोकिळा म्हणाली.

"बाजूले दरी हाय. तू मागं सर."

"मंग मी बसते संग."

"उतर म्हणतो ना, कोकिळे!"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. चारचौघांत त्याने पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. ती उतरली.

पहिल्या गिअरमध्ये जीप निघाली. खडकावरून उतरताना कण्हणं वाढत गेलं. वळणाच्या अलीकडे आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, तोफ उडावी तसा. मग कण्हणं थांबलं. सगळ्यांत वाईट ती शांतता होती, कोकिळाबाई सांगत. ताण जाताच अडकलेला दांडाही निसटला, इंजिनाची चाकांवरची पकड सुटली आणि मोकळी जीप उताराला लागली. ब्रेक पुरेनात. तानबाने ती डाव्या हाताच्या खडकावर घातली आणि ती उलटली.

बंडीच्या जुवाने पत्रा वाकवून त्याला बाहेर काढलं. गुडघ्याखाली पाय राहिल्यासारखा दिसत नव्हता. कोकिळेने लुगड्याचा पदर फाडून तो बांधला. तानबा शुद्धीवर होता.

"बायका?"

"सगळ्या वरतं हायत. मी इथंच हाय."

त्याने मान हलवली. मग बाबारावाचा हात धरला.

"गोळा फुटला काय?"

"हाव. झाकण उडालं. तुमी पडा ना गुमान!"

"मोज."

"काय बोलता, जवाईबापू!"

"मोज म्हणतो."

बाबाराव उपड्या जीपजवळ बसला. तेलात बोट बुडवून त्याने एका दातावर खूण केली आणि रडत रडत मोजू लागला. खाली पडलेल्या झाकणावर कुंकवाची पाच बोटं तशीच होती.

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

"उलटीकडून मोज," तानबा म्हणाला.