नवरदेवाची कावीळ आणि उष्टी हळद

माझ्या हळदीच्या दिवशी नवरदेवाचा व्हिडिओ कॉल आला. उमरग्याचं वऱ्हाड कळंबच्या कार्यालयात उतरलं होतं. त्याला नुकतीच हळद लागली होती, अन् ती मला दाखवायची भारी हौस. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, मला माणसाचे आधी डोळेच दिसतात. त्याचे पिवळेजर्द! अंगाला हळद लावतात हो, पण डोळ्यांच्या आत कोण लावतंय?

मग होणाऱ्या नवऱ्याला मी आयुष्यातला पहिला खासगी प्रश्न विचारला. "लघवी कसल्या रंगाची होती?"

त्याच्या मागं चार मावश्या उभ्या. तो हळूच म्हणाला, "चहासारखी."

"दुधाच्या का कोऱ्या?"

"कोऱ्या," म्हणाला अन् फोनच कट केला.

लॅबमधल्या सहकाऱ्यानं कार्यालयात जाऊन त्याचं रक्त आणलं. हेपॅटायटिस ए तपासायच्या कार्डावर एम अक्षरापाशी रेघ उमटली तर कावीळ ताजी. नुसत्या जीपाशी उमटली तर कधीतरी होऊन गेलेली, ती परत होत नसते. त्याची एमची रेघ ठसठशीत उमटली. डॉक्टर म्हणाले, लग्न लागू द्या, पण ताट वेगळं ठेवा अन् हात साबणानं धुवा.

तेवढ्यात तिकडून उष्टी हळद आली. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ही आमची रीत. आई गेल्यापासून मला वाढवणारी माझी आत्या दारातच आडवी आली.

"कावीळवाल्याची हळद? उंबऱ्याच्या आत यायची न्हाय! लगीन पुढं ढकला."

"आत्या, कावीळ घाणेरड्या खाण्यापिण्यातून होती. हळद काय मी खाणार हाय का?"

"तू गप. लई शिकलीस."

पुढं ढकललेलं लग्न मोडतंच, हे मला पक्कं ठाऊक होतं. अन् मला तो माणूस आवडला होता, कोऱ्या चहासकट. रडू यायला लागलं, तशी हिरव्या चुड्यासकट उठले अन् तडक लॅब गाठली. आत्या बडबडत मागं. मी सहकाऱ्यापुढं हात केला. "माझंबी कार्ड लावा."

पंधरा मिनिटं आत्या देवाचं नाव घेत बसली. एमची जागा कोरी. जीपाशी रेघ!

"आत्या, मला कावीळ कधी झाली होती?"

आत्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. मग म्हणाली, "चार वर्षांची होतीस. तुळजापुरात बर्फाचा गोळा खाल्लास. समद्यांना सांगितलं, हिवताप हाय."

"पण लपवलं कशाला?"

"कशाला म्हंजी? पुढं तुझं लगीन जमायचं होतं!"

मी हसत सुटले. आत्याही फिसकन हसली, अन् मग पदरानं डोळे पुसायला लागली. घरी आल्यावर तिनंच वाटी उचलली अन् ती उष्टी हळद माझ्या दोन्ही गालांना फासली. मग मोरीत जाऊन तीनदा साबणानं हात धुतले.