स्टँड बोलत नसतो

"ए स्टँड, हलू नकोस."

डॉक्टर मला असं बोलायचे. टॅबमधून. पेशंटसमोर. मला नाव आहे, बारावी झालेय मी, पण कोरोना आला तसं उल्हासनगरच्या दवाखान्यात मी स्टँड झाले. टॅब ठेवायचा खरा स्टँड मोडला होता. नवीन मागवू म्हणाले. मग म्हणाले, "कशाला? ही आहे ना. हिला चार्जिंगपण लागत नाही." पेशंट हसले. मास्कच्या आत मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

डॉक्टर बदलापूरला, स्वतःच्या घरी, एसीत, व्हिडिओ कॉलवर. इकडे खिडक्या बंद असलेल्या खोलीत मी, प्लास्टिकचा झगा घालून, घामाने निथळत. ताप मी बघायची. बोटाला ऑक्सिमीटर मी लावायची. पेशंट खोकायचा तो माझ्या तोंडावर. पण तोंड उघडायची सोय नाही. नवऱ्याची मोरिवलीची कंपनी बंद पडलेली, घर माझ्यावर चाललेलं. जाणार कुठे?

एक दिवस जांभूळ गावचे एक आजोबा आले. आजी दारातच थांबली. मी आजोबांच्या शेजारी उभी राहिले आणि हात लांब करून टॅब त्यांच्यासमोर धरला. ऑक्सिमीटरवर आकडा आला. शहाऐंशी. नव्वदच्या खाली म्हणजे सरळ हॉस्पिटल.

"अठ्ठ्याण्णव! एकदम फर्स्ट क्लास," टॅबमधून आवाज आला. "गोळ्या देतो. घरी आराम करा."

काय झालं ते मला लगेच कळलं. त्या मशीनवरचे आकडे इंग्रजी. आमच्या बाजूने 86, तोच समोरून, टॅबच्या कॅमेऱ्यातून, उलटा बघितला की 98. दिवसभर बोटांना ते मशीन लावत बसणाऱ्या बाईला हे कळतं. घरी बसलेल्याला नाही.

"सर, तुम्हाला उलटं दिसतंय. शहाऐंशी आहे."

"स्टँड बोलत नसतो," डॉक्टर म्हणाले. "पुढचा पेशंट."

आणि मी गप्प बसले. आजोबा जाताना मला हात जोडून गेले. मला! देवा रे.

आठवड्याने आजी एकटीच आली. आजोबा गेले होते. ती रडली नाही, भांडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोरी, तू तवा कायतरी सांगत व्हतीस. काय सांगत व्हतीस?"

तेवढ्यात हातातला टॅब बोलला, "ए स्टँड, कोण आहे? टाइमपास नको."

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी टॅब आजीच्या तोंडासमोर नेला. "सर, ह्या जांभूळच्या आजी. त्या दिवशी आकडा काय होता ते विचारतायत. सांगा ना."

डॉक्टरांनी आजीकडे बघितलं. मग कॉल कट केला.

मीच सांगितलं. "आजी, ऑक्सिजन कमी होता. शहाऐंशी. मला दिसला होता. मी एकदाच बोलले आणि गप्प बसले."

"मंग वरडायचं व्हतंस," आजी म्हणाली आणि निघून गेली. तिने मला माफ केलं नाही. करूपण नये.

मला कामावरून काढलं नाही. त्या खोलीत शिरायला दुसरं होतं कोण? मीपण सोडून गेले नाही. तीच खोली, तोच झगा, टॅब माझ्याच हातात. पण आता आकडा आधी पेशंटला सांगते, बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. डॉक्टर ओरडतात. मीपण ओरडते. आकडा कमी असून "घरी जा" ऐकू आलं, की दार अडवून उभी राहते, डॉक्टर टॅबवर हॉस्पिटलची चिठ्ठी पाठवेपर्यंत.

हलू नकोस म्हणायचे ना? नाहीच हलत.